फरशी धुणारी परात

पाण्याच्या जोरावर गरागरा फिरत फरशी धुणारं यंत्र मी केलं, आणि तेही बीड जिल्ह्यात बसून, हे ऐकलं की माणसं आधी हसतात. हसू द्या. जिथं नळाला पंधरवड्यानं पाणी येतं आणि उन्हाळ्यात टँकरमागे घागरी पळतात, तिथं असलं काही करत बसणारा माणूस अर्धवटच म्हणायचा. पण मला त्याची हौस नव्हती. माझ्या बायकोचे गुडघे गेले होते.

मांजरसुंब्याच्या चौकापासून थोडं अलीकडे माझं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. फवारणीचे पंप, विहिरीवरच्या मोटारी, गाड्या धुवायच्या सेंटरवरचे जोराचे पंप, यातलं काही बिघडलं की लोक माझ्याकडे येतात. मला सगळे मिस्त्री म्हणतात. स्वभाव तिरसट आहे, ते गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. चालू वस्तू घरी उघडून तिचं वाटोळं करून आणणाऱ्याला मी दारातच झापतो.

बायको माझ्या उलट. तिला माणसं लागतात. ती चकलांब्याकडची, लहानपण आईबापाबरोबर उसाच्या फडात गेलेलं, दरवर्षी नवीन गाव आणि पाचटाची नवीन कोपी. लग्नानंतर पहिल्यांदा ती एका जागी राहिली. रस्त्यापलीकडं मंगल कार्यालय झालं तेव्हा तिथं फरशी धुवायचं काम तिनं स्वतः जाऊन विचारलं आणि स्वतःच ठरवलं. मला नंतर सांगितलं.

तिच्यासोबत आणखी दोघी होत्या. पंगती उठल्या की जेवणाच्या हॉलमध्ये वरण, तूप, मठ्ठा, जिलबीचा पाक असा सगळा चिखल झालेला असायचा. या तिघी उकिडव्या बसून घासणीनं फरशी घासत मागं मागं सरकत जायच्या. घासताना तोंडं चालूच. कोणती वरमाय मानपानावरून फुगून बसली, नवरदेव फोटोच्या नादात कसा पाटावरून पडता पडता राहिला, नवरीच्या आधी नवरीचा काका कसा ढसाढसा रडला. संध्याकाळी तेच सगळं ती मला ऐकवायची. मी पंपाचा वॉशर बसवत हूं हूं करायचो. फरशी घासण्यात काय गोडी असते ते मला कळायचं नाही, पण ती घरी यायची तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

मग गुडघे धरले. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, उकिडवं बसायचं नाही. तिनं ते कुणाला कळू दिलं नाही, पण एका लग्नाच्या दिवशी बसलेली तिला उठताच येईना आणि दोघींनी काखेत हात घालून उठवलं. मालकानं ते बघितलं. तो तसा वाईट माणूस नाही. म्हणाला, "ताई, बसणं व्हत नसंल तर राहू द्या. ह्या सीझनपुरतं बघा, मंग मी दुसरी बाई बघतो."

घरी येऊन ती उंबऱ्यावर बसून राहिली. मी काय झालं विचारलं तर म्हणाली, "अवो, उभ्यानं धुता यील असं कायतरी करा की. एवढे मिस्त्री हायेत तुमी." आणि मग गुडघा दाबत, "घरात बसले तर मी मरून जाईन."

तिनं माझ्याकडं त्याआधी कधी काही मागितलं नव्हतं.

आधी मला वाटलं, सोपं आहे. गाड्या धुवायची बंदूक जमिनीकडं धरली की झालं. करून बघितलं तर घाण निघाली, पण निघून ती भिंतीवर, खुर्च्यांवर आणि बायकोच्या लुगड्यावर जाऊन बसली. म्हणजे वरून झाकण पाहिजे. झाकण गोल पाहिजे, हलकं पाहिजे आणि काठाला उभं पाहिजे. मी स्वयंपाकघरात गेलो आणि तिची ॲल्युमिनियमची मोठी परात उचलली. मधोमध भोक पाडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. "अवो, परात कुठं गेली? भाकरी काय तुमच्या टाळूवर थापू का?" असं म्हणून तिनं जे भांडण काढलं ते शेजाऱ्यांपर्यंत गेलं. परात उलटी ठेवली, काठाला झाडूचे नायलॉनचे केस बसवले, आणि यंत्राचं धड तयार झालं. खरा प्रश्न परातीच्या आत होता.

आत एक आडवी नळी, दोन्ही टोकांना एकेक बारीक भोक, आणि मधल्या पोकळ दांड्यातून पाणी. पाणी जोरात बाहेर पडलं की नळी फिरावी, म्हणजे वेगळी मोटार नको. मी आधी त्या भोकांना फवारणीच्या पंपाची तोंडं, म्हणजे नोझल, लावली, कारण कापसाच्या मुलखात ती ढिगानं मिळतात. पण त्यांचं काम धुकं करायचं. पानावर औषध बसतं तसं ते फरशीवर दव बसायला लागलं. मग बीडला एका चाचांच्या लेथवर गेलो. चाचांचं वय झालेलं, पण हात पक्का. त्यांनी पितळेची दोन तोंडं फिरवून दिली, सरळ भोकाची.

तोंडं सरळ खाली धरली तर पाणी फरशीवर आपटायचं पण नळी जागची हलायची नाही. तिरकी केली तर फिरायची. ती पहिल्यांदा फिरली तेव्हा मी एकटाच शेडमध्ये ओरडलो. मग हाव सुटली. आणखी तिरकी केली, आणखी केली, शेवटी परातीतून भुंग्यासारखा आवाज यायला लागला. बायकोला हाक मारली. तिनं कौतुकानं बघितलं, आणि मग चप्पल काढून ओल्या फरशीवर टाच ओढली. "तेल हाय तसंच हाय," म्हणाली.

मला राग आला. एवढ्या वेगात फिरणाऱ्या यंत्राला नावं ठेवते म्हणजे काय. पण मीही टाच ओढून बघितली आणि घसरलो. चाचांकडं जाऊन रडगाणं गायलं तर ते पानाचा तोबरा एका गालात सरकवून म्हणाले, "इत्ता जोर में घूमेगा तो धोएगा कब, बेटा?" पाण्याचा सगळा जोर नळी फिरवण्यातच जात होता आणि फरशीपर्यंत नुसता फवारा पोचत होता. सावकाश फिरणारं यंत्र जास्त धुतं, हे पटायला मला बरेच दिवस लागले, कारण बघणारा प्रत्येक जण वेग बघूनच वा वा करायचा.

मग तिरकेपणा कमी करायचा, नळी अडकायची. पाणी अडवणारं सील घट्ट असायचं, ते बदललं की दांड्यातून गळायचं. दोन्हीकडची धार सारखी नसली की परात थरथरायची आणि माणसाच्या हातातून निसटून भलतीकडं चालायला लागायची. प्रत्येक बदलानंतर मी दुकानासमोर एका फरशीवर वरणभात आणि तूप सारवून उन्हात वाळत ठेवायचो, धुवून बघायला. येणारी-जाणारी माणसं लांबून वळसा घालून जायची. कुणीतरी गावात सांगितलं की मिस्त्रीनं उतारा टाकायला सुरुवात केलीय. दोन गिऱ्हाइकं त्यापायी तुटली. मी कुणाला समजावत बसलो नाही.

चाचणीला पाणी कुठून आणायचं, हाही प्रश्न होता. आमच्याकडं एक खोड आहे. नळाला पाणी यायच्या दिवशी आधीचं भरलेलं पाणी शिळं झालं म्हणून ओतून देतात. टंचाई कितीही असो, टिपाडात उरलेलं पाणी ताज्या पाण्यात मिसळायचं नाही. बायकोनं गल्लीत सांगून ठेवलं, "शिळं पाणी गटारात नका टाकू, आमच्याकडं टाका." बाया हंडे आणून आमच्या टाकीत रिकामे करायच्या. धरणाचं पाणी, त्यात पंधरा दिवस टिपाडात निवळलेलं. त्या पाण्यावर माझी परात शेवटी अशी फिरायला लागली की टाच ओढली की करकर वाजायची.

सीझन संपायच्या आत आम्ही ते कार्यालयात नेलं. मालक बघायला आला तो पाण्यापायी. बादल्यांनी धुताना पाणी लई जातं आणि त्याला टँकर बोलवावा लागतो, हे त्याचं दुखणं होतं. बायको पदर खोचून उभी राहिली. दांडा हातात, पाठ सरळ. पंप चालू केला आणि तुपानं माखलेल्या फरशीवर परातीएवढा स्वच्छ पट्टा उमटला. बाकीच्या दोघी तोंडाला पदर लावून बघत होत्या. माझा जीव भांड्यात पडला.

पाच-सहा पट्टे झाले असतील. परात थरथरायला लागली, बायकोच्या हातातून सुटली आणि जाऊन खांबावर आदळली. कार्यालयाला बोअरचं पाणी होतं. बोअरच्या पाण्यानं टाकीच्या आतून पांढरा क्षार धरतो आणि त्याच्या खपल्या निघतात. तसली एक खपली एका तोंडात जाऊन बसली होती. इतके महिने मी धार, कोन, बेअरिंग सगळ्याचा विचार केला, पण पाण्याची चव बदलते हे डोक्यातच आलं नाही. माझ्यापुरतं पाणी म्हणजे नळाचं पाणी, जपून ठेवलेलं.

"मिस्त्री, खेळणं झाक केलं," मालक म्हणाला आणि निघाला.

बायकोनं मात्र परात उलटी केली, मंगळसूत्रात अडकवलेली सेफ्टी पिन काढली, भोकात घातली, फुंकर मारली आणि पुन्हा पंप चालू करायला सांगितलं. हॉल पुरा होईपर्यंत तिनं ते कितीदा केलं असेल. पण हॉल धुऊन झाला, आणि टँकर लागला नाही. मालक परत आला, फरशी बघितली, टाकी बघितली. "ह्या मशीनचा सोभाव ताईलाच कळतो," म्हणाला. दुसरी बाई बघायची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही.

त्यानंतरचे दिवस आमचे फार चांगले गेले. उगाच कशाला नाकारू? ती उभ्यानं फरशी धुवायची. एक जण पाइप सरकवायची, दुसरी पुढं जाऊन उष्टं झाडायची आणि कोपरे घासायची. तिघींचं काम तिघींकडं राहिलं आणि लवकर संपायला लागलं. संध्याकाळी गप्पा पुन्हा सुरू झाल्या. मी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकायला लागलो. आपण आयुष्यात एक तरी वस्तू बरी केली असं मला वाटायचं.

तोंडं बुजायचं मात्र थांबत नव्हतं, आणि दर वेळी वाकून पिन घालायचा तिला त्रास व्हायचा. मी परातीच्या आत पितळेची बारीक जाळी बसवायच्या मागं लागलो. जाळीच बुजायची. चाचांकडं दोन-तीन खेपा झाल्या. एक दिवस तिनं जुन्या सुती लुगड्याचं फडकं दुहेरी करून त्याची पिशवी शिवली आणि टाकीतून पंपाकडं येणाऱ्या पाइपच्या तोंडाला नाडीनं बांधली.

"नळाला फडकं बांधत न्हाईत का आपुन?" ती म्हणाली. "मग ह्याला कावून न्हाई बांधलं?"

आमच्याकडं नळाला फडकं नाही असं घर दाखवा. मी फडकं बांधलेल्या नळाच्याच घरात जन्मलो, वाढलो, आणि मला सुचलं नाही. मी हसत सुटलो. त्या दिवसापासून परात बुजली नाही. तिनं दोन पिशव्या केल्या, एक वापरायला, एक वाळायला. तिला इतका आनंद झाला की मालक भेटला तेव्हा तिनंच पुढं होऊन सांगितलं, "मालक, आता कायबी अडत न्हाई बघा. कुणीबी चालवील आता."

मी शेजारीच उभा होतो. मीही कौतुकानं मान हलवली.

पुढच्या लग्नाला ती गेली तर दांडा मालकाच्या मेहुण्याच्या हातात होता. हा माणूस तोवर कार्यालयाच्या गेटवर खुर्ची टाकून बसायचा. पायात बूट, कानाला फोन, आणि एका हातानं परात ढकलत निघालेला. मालक बायकोजवळ आला आणि अगदी मायेनं बोलला. "ताई, पंप हाय, करंट हाय, बाप्या माणसाचं काम हाय ते. तुमी लई केलं. आता गुडघ्याला आराम द्या." बाकीच्या दोघींनाही तेच. कोपऱ्यातलं मेहुणाच बघील म्हणाला. जाताना तिघींना जिलबी बांधून दिली.

ती घरी आली, जिलबीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि झालेलं सगळं एका दमात सांगितलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. मी मात्र चप्पलही न घालता रस्ता ओलांडून गेलो. मालकाला नको नको ते बोललो. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मिस्त्री, बायकोचे कष्ट वाचावे म्हणूनच केलं ना तुमी हे? मग वाचले की." मी म्हणालो, माझं मशीन मला परत द्या. पंप त्याचा होता, पाइप त्याचा, पितळेचा खर्चही त्यानं त्या पहिल्या धुण्यानंतर मला देऊन टाकलेला. "तुमची परात असंल तर घिऊन जा," तो म्हणाला, "मी दुसरी लावतो." आणि खरंच लावली असती. त्यात अवघड असं काही मी ठेवलंच नव्हतं.

मी रिकाम्या हातानं परत आलो.

तिच्यासोबतच्या दोघींपैकी एक यंदा नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. आधी चार वर्षं ती कार्यालयाच्या कामामुळं मागं राहिली होती, लेकरांची शाळा गावात चालू होती. आता लेकरंही फडावर गेली. दुसरी इथंच आहे, पण रस्त्यात माझी बायको दिसली की मान फिरवते. बायको एकदा तिच्या घरी गेली होती. दार उघडून तिनं एवढंच विचारलं, "आता कावून आलीस?" तिथून आल्यावर बायको कुणाकडंच गेली नाही.

लग्नसराईत रस्त्यापलीकडं बँड वाजायला लागला की ती उठून दार लावून घेते. संध्याकाळी मी विचारतो, आज काय झालं? ती म्हणते, काय व्हायचंय. तिच्याकडं सांगायला काही नसतं, आणि मला तर कधीच बोलता येत नव्हतं. जेवताना दोन ताटांचा आवाज तेवढा होतो. गुडघे तसे बरे आहेत. डॉक्टर खूश आहेत.

मी मिस्त्री माणूस. बिघडलेली वस्तू मला स्वस्थ बसू देत नाही. ही गोष्ट मी मनात किती वेळा उघडून बघितली असेल. परात बरोबर होती. कोन बरोबर होता. पाणी वाचवायचं ठरलं होतं, ते वाचलं. फडकं बांधणं तर शंभर टक्के बरोबर होतं. मालकसुद्धा खोटं बोलला नाही. कुठं तरी एखादी चूक सापडली असती तर मी ती काढून टाकली असती. सापडत नाही, म्हणून रात्रंदिवस डोकं भणभणतं आणि गिऱ्हाइकांवर ओरडतो.

मालकानं परातीचा व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकला होता. तो कुणाकुणाकडं फिरला कोण जाणे. मागच्या महिन्यात तेलगावकडून एक गृहस्थ जीप घेऊन आले. त्यांची दोन कार्यालयं आहेत, दोन्हीकडं असली मशीन पाहिजे. माझा हात धरून म्हणाले, "मिस्त्री, डोकं लावलंय तुमी." ती फडक्याची पिशवीही सोबत द्या म्हणाले, व्हिडिओत बघितली होती. दुकानात काम कमीच आहे. मी हो म्हणालो.

बायको चहा घेऊन बाहेर आली. कप त्यांच्या हातात देताना तिनं विचारलं, "तुमच्याकडं फरशी धुवायला बाया किती हायेत?"

"दोन्हीकडच्या मिळून सात," ते अभिमानानं म्हणाले. "आता एकीचीबी गरज न्हाई."

"नावं काय त्यांची?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग हसले. "नावं कुणाला म्हाईत, ताई. आमी आपलं मावशी म्हणतो."

ती आत गेली. जीप गेल्यावर मी तिच्यामागे गेलो आणि म्हणालो, तू नको म्हणालीस तर करत नाही. ती कप विसळत होती. वळली नाही. म्हणाली, "करा. तुमी न्हाई केलं तर दुसरा करील. फकस्त न्यायच्या दिवशी मला सांगू नका."

दोन्ही यंत्रं आता तयार आहेत. ती शेडमध्ये येत नाही, तरी मी त्यांच्यावर पोतं टाकून ठेवलंय.